लॉबीतला बुद्ध चालतो, भाडेकरू बौद्ध चालत नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला घरातल्या ध्यानकोपऱ्यावरचा लेख वाचला. बुद्धमूर्ती ईशान्येला ठेवा, मागे मंद दिवा, शेजारी बांबूचं रोप, की घरात पॉझिटिव्ह एनर्जी खेळू लागते म्हणे. बुद्धाला वास्तुशास्त्राच्या कामाला जुंपलेलं पाहून करमणूक झाली. तक्रार मात्र वेगळी आहे.

मुळात ध्यानाला मूर्ती लागत नाही. इगतपुरीचं धम्मगिरी 1976 पासून विपश्यना शिकवतं, तिथल्या ध्यानगृहात मूर्ती नसते. आपल्या बदलापूरहून कर्जत लोकल धरून कोंडाणे लेणी पाहून यावीत. चैत्यगृहात स्तूप आहे, बुद्धमूर्ती नाही. तेव्हा मूर्ती हवी ती शोभेसाठी, हे सरळ मान्य करावं. शोभेलाही माझी ना नाही. बुद्ध कुणाच्या सातबाऱ्यावर चढलेला नाही.

खटकतं ते नुसतं डोकं. बाजारात फायबरचं सोनेरी शिर मिळतं: मान सपाट कापलेली, कानाच्या लांब पाळीवर किमतीचा स्टिकर. गांधारपासून बोरोबुदूरपर्यंत कित्येक मूर्तींची शिरं तोडून नेली गेली आणि परदेशी संग्रहालयांत, धनिकांच्या दिवाणखान्यांत मांडली गेली. लुटीतला तो तुकडा आता साच्यातून निघतो आणि चपलांच्या कपाटावर बसतो. गौरीलाही मुखवटाच असतो की, असं कुणी म्हणेल. असतो, पण त्याला साडी नेसवून उभं करतात, नैवेद्य दाखवतात.

आमच्या घरांत बुद्ध बाबासाहेबांबरोबर आला. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला त्यांनी रंगूनहून आणलेल्या मूर्तीची स्थापना केली. नागपूरची दीक्षा त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी झाली. मूर्तीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या माणसांनी गावकीची कामं आणि जुने देव मागे टाकले होते. आजही आमच्या भिंतीवर दोन तसबिरी शेजारीशेजारी असतात. पुरवणीतल्या फोटोंत त्यातली एकच दिसते, आणि ती का, हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

माझ्या भाच्याने इथल्याच एका नव्या संकुलात भाड्याने घर पाहिलं. लॉबीत कारंज्यामध्ये चांगला चार फुटी बुद्ध. घरमालकांनी नोकरी विचारली, पगार विचारला, ते सगळं पटलं. मग आडनाव विचारलं, आडनावावरून गाव विचारलं. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन: घर आता नातेवाइकांनाच द्यायचं ठरलंय. ते घर पुढे दोन महिने रिकामंच होतं. 1927 साली याच बदलापूरकरांनी शिवजयंतीच्या उत्सवाला अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांना बोलावलं होतं!

लॉबीतल्या बुद्धाला आडनाव नाही. तो भाडं थकवत नाही, मीटिंगला येत नाही, एप्रिलमध्ये जयंतीची वर्गणी मागत नाही. म्हणून तर तो सगळ्यांना हवा आहे. ज्यांना त्याच्यासमोर बसून शांत वाटतं त्यांनी जरूर बसावं, पण त्याने जातिभेदाविषयी काय सांगितलं तेही मग कानाआड करू नये.

दिवाळीला घरसजावटीची पुरवणी निघेलच. तीत तोडलेल्या शिरांचे फोटो छापू नयेत, आणि आडनाव ऐकून ज्यांना घर नाकारलं जातं त्यांच्यासाठी एक पान राखून ठेवावं. बोलायला तयार असलेली माणसं आमच्या खरवईतच भेटतील.

– एक वाचक, खरवई, बदलापूर