दुधाच्या हिशेबाशेजारी



'हिला येरवड्याला पोचवा', 'ठाण्याला जागा आहे का बघा', असले विनोद ऐकतच आपण सगळ्या मोठ्या झालो. विनोद करणारा शहाणा आणि ज्याच्यावर केला तो वेडा, अशी त्यातली वाटणी. म्हणून मानसिक आजार आणि हसणं हे शब्द एकत्र आले की कार्यकर्तीच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडायची.

आमच्या केंद्रात दर गुरुवारी मनोविकाराची औषधं चालू असलेल्या बायांचा गट बसतो. मी त्याचं काम बघते. गेल्या पावसाळ्यात एक जण कालनिर्णयची जुनी पानं गुंडाळून घेऊन आली. तिचं मन कधी उधाणतं, कधी पार तळाला जातं. डॉक्टरी भाषेत बायपोलर. तारखांच्या चौकटीत आपण दुधाचा हिशेब लिहितो ना, त्याच्या शेजारी तिनं बॉलपेननं चित्रं काढली होती. आंघोळ झाली नाही त्या दिवशी बादली कमरेवर हात ठेवून उभी. गोळ्या पिशव्या घेऊन रेशनच्या रांगेत. उधाणलेल्या आठवड्यात चौदा किलो कैरीचं लोणचं, आणि घरात बरण्या दोनच.

एका चित्रात ती पंगतीत बसली आहे. सासू, नणंद, डॉक्टर आणि खांद्याला झोळी लावलेली एक बाई असे चौघे पळ्यांनी तिच्या ताटात सल्ले वाढताहेत. 'मन रमव.' 'देवळात जा.' 'चांगले विचार कर.' तिचा हात ताटावर आडवा, तरी वाढणं चालूच. झोळीवाली बाई म्हणजे मी, हे गटाला लगेच कळलं. मला जरा उशिरा. समाजकार्याच्या पदवीत दोन वर्षं 'ऐकून घेणं' शिकले होते, त्याची परीक्षा त्या दिवशी झाली म्हणायची.

अमेरिकेत एलन फॉर्नी या चित्रकर्तीनं २०१२ साली 'मार्बल्स' हे पुस्तक काढलं. तिलाही बायपोलर. औषधं घेतली तर चित्रं सुचणं बंद होईल का, ही तिची भीती पानापानांतून चित्रांत उतरली आहे. अॅली ब्रॉशच्या २०१३ च्या पुस्तकात नैराश्याची दोन प्रकरणं आहेत. चित्रं मुद्दाम ओबडधोबड. स्वयंपाकघराच्या फरशीवर रडत पडलेली असताना तिला फ्रिजखाली मक्याचा एक सुकलेला दाणा दिसतो आणि तिला हसू आवरत नाही. का, ते तिलाही सांगता येत नाही. आमच्या गटाला मात्र तो दाणा एकदम पटला. उपदेशाच्या दहा पत्रकांनी हे साधलं नसतं.

आता आपल्याबद्दल. नवऱ्यांनी छळलेल्या बायकांना वेडं ठरवून घराबाहेर काढलेलं आपण इतक्यांदा पाहिलं, की 'ती वेडी नाही, तिला छळलंय' हे आपलं पाठच झालं. ते म्हणणं गरजेचं होतं, अजून आहे. पण 'होय, मी आजारी आहे, छळही झाला, आणि लोणच्याची गोष्ट खरंच गमतीची आहे', असं म्हणणाऱ्या बाईला आपल्या मोर्चात कुठं उभं करायचं ते आपल्याला ठाऊक नसतं. तिला आपण हळूच मागे ठेवतो. मीही ठेवलं आहे.

ही चित्रं या अंकात छापायची, असं संपादक मंडळानं उत्साहानं ठरवलं. आमच्या वकील मैत्रिणीनं थांबवलं. या बाईच्या नवऱ्यानं घटस्फोटाचा दावा लावला आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ नुसार मनोविकार हा घटस्फोटाचा आधार होऊ शकतो. नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, जोडीदारानं सोबत राहावं अशी रास्त अपेक्षाच करता येऊ नये इतकी त्याची तीव्रता लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली राम नारायण गुप्ता खटल्यात सांगितलं आहे. पण समोरच्या वकिलाच्या हातात चौदा किलो लोणचं दिलं, तर तो हसणार नाही, पुरावा म्हणून जोडेल. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आजाराबद्दल गुप्ततेचा हक्क दिला आहे. आपण हौसेनं छापलेलं पान तो हक्क परत आणून देणार नाही.

मग तिलाच विचारलं. खरं म्हणजे तिला आधी विचारायला हवं होतं. तिनं दोन दिवस घेतले आणि सांगितलं, पंगतीचं चित्र छापा, नाव नको, गाव नको. बाकीची दाव्याचा निकाल लागल्यावर. आणि खाली 'मनोरुग्ण भगिनीची कलाकृती' असलं काही लिहाल तर चित्र परत द्या.

ते चित्र याच अंकात आहे. खाली काहीही लिहिलेलं नाही.

तुमच्या गटातल्या कुणाची अशी चित्रं असतील तर तिनं स्वतः पाठवावीत. बहिणीची, सुनेची, 'आमच्या एका केस'ची पाठवू नयेत. बॉलपेन चालेल. छापण्याआधी आम्ही दोनदा विचारू, आणि दुसऱ्यांदा नाही म्हटलं तरी चालेल.