अल्बममधले दागिने



तुळशीचं लग्न लागलं की आमच्या सल्ला केंद्रातली गर्दी जरा ओसरते. लग्नसराईत भांडणं थांबतात असं नाही. घरात कार्य असताना बाई तक्रार घेऊन बाहेर पडत नाही, एवढंच. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी पंचविशीतली एक मुलगी माहेरचा भलामोठा अल्बम घेऊन आली. पुठ्ठ्यासारखी जाड पानं, वर मखमली कव्हर. सासरच्यांनी तिला नेसत्या कपड्यानिशी घराबाहेर काढलं होतं. दागिने तिकडेच राहिले होते आणि 'कुठले दागिने?' असं सासू विचारत होती. मुलगी बोट ठेवून दाखवत गेली. हा राणीहार, हे तोडे, ही ठुशी.

आम्हाला वाटलं, यापेक्षा चांगला पुरावा कुठला? पण पानं उलटता उलटता तीच थांबली. लेहेंग्यावरचा सेट भाड्याचा होता. रिसेप्शनचा हारही भाड्याचा. नऊवारीवरचे तोडे खरे, पण बाजूबंद एक ग्रॅमचे. फोटोत सगळं सारखंच झळकत होतं. सासरच्या वकिलांनी नेमकं तेच धरलं : यातलं सगळंच भाड्याचं कशावरून नाही? आठ महिन्यांनी तोडे आणि ठुशी परत मिळाली, तीही सोनाराच्या पावत्या होत्या म्हणून. राणीहाराची पावती काही सापडली नाही.

आपल्या आयांच्या लग्नात एक फोटोग्राफर असायचा. अक्षता, सप्तपदी, कानपिळी, मग पाहुण्यांच्या रांगा, संपलं. डिसेंबर २०१७ मध्ये इटलीत अनुष्का शर्माचं लग्न झालं. सब्यसाचीने तयार केलेला तिचा फिकट गुलाबी लेहेंगा सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला आणि त्याच्या नकला आमच्या तालुक्याच्या बाजारापर्यंत आल्या. आता हळद, मेंदी, संगीत यांचे वेगवेगळे पोशाख, लग्नाआधी समुद्रावर किंवा गडावर प्री-वेडिंग शूट, लग्नात डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रोन. सावळ्या मुलीचा मेकअप दोन छटा उजळ, आणि जे उरतं ते संगणकावर पुसलं जातं. (एका मुलीच्या आजीने अल्बम पाहून 'ही कोण?' म्हणून विचारलं होतं. सगळे हसले. मुलगी हसली नाही.)

याचा खर्च बहुतेक ठिकाणी मुलीचा बाप करतो. मुलाकडचे म्हणतात, 'आम्हाला काही नको, फक्त लग्न तेवढं थाटात करून द्या.' १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात हे वाक्य बसवताना आमच्या भल्याभल्या वकील मैत्रिणी थकतात. रोख रक्कम दिसते, गाडी दिसते. लेहेंगा आणि ड्रोन 'हौस' म्हणून सुटतात.

काही जातिसंघटनांनी प्री-वेडिंग शूटवर बंदीचे ठराव केले आहेत. त्यांचं स्वागत करायला आमचा हात पुढे होत नाही. ठरावात बहुधा मुलीचे कपडे, लग्नाआधीचं एकत्र फिरणं आणि संस्कृती यांची काळजी असते. देण्याघेण्याचा विषय त्याच सभेत निघाला, तर किती जण बसून राहतील? दुसरीकडे बाजार आपलीच भाषा उचलतो. २०२१ मध्ये लग्नाच्या कपड्यांच्या एका जाहिरातीत आलिया भट 'कन्यादान' नको, 'कन्यामान' म्हणा असं सांगत होती. मुलगी ही दान द्यायची वस्तू आहे का, हा प्रश्न आपण किती वर्षं विचारतो आहोत! तो इतक्या घरांत पोचला याचा आनंद झाला, आणि शेवटी विकायचा होता तो लेहेंगाच, हेही दिसलं.

पण आमचाही एक दोष सांगितला पाहिजे. वस्तीतल्या गटात मी यावर तावातावाने बोलले. २५ डिसेंबर १८७३ चा पहिला सत्यशोधक विवाह सांगितला, माझं स्वतःचं नोंदणी लग्न सांगितलं. चार घरी स्वयंपाक करणारी एक मुलगी शांतपणे म्हणाली, "ताई, तुमचे शाळेपासूनचे फोटो असतील. माझा एकटीचा, निवांत बसून काढलेला एकपण नाही. त्या दिवशी तरी कुणी म्हणेल ना, इकडे बघ म्हणून." मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

म्हणून तिच्याशी आम्ही फोटोवरून भांडलो नाही, यादीबद्दल बोललो. २ ऑक्टोबर १९८५ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत : लग्नात मिळालेल्या भेटींच्या दोन लेखी याद्या करायच्या, एक वधूने ठेवायची, एक वराने. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि त्याचं नातं, खाली वधूवर दोघांच्या सह्या. त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन सासरी ठेवलं तरी ते तिचंच राहतं, आणि ते दाबून ठेवणं हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात दंडाधिकारी ते परत करण्याचा आदेश देऊ शकतात. एवढं सगळं असून, केंद्रात आलेल्या एकाही बाईकडे मी अशी सही केलेली यादी पाहिलेली नाही. अल्बम मात्र बहुतेकींकडे आहे.

अडचण उघड आहे. मांडवात नवऱ्या मुलापुढे असा कागद कोण धरणार? 'लग्नाआधीच अविश्वास?' हे सासरचे म्हणतीलच, मुलीची आईही म्हणेल. आमच्या गटाने यादीचा साधा नमुना छापून घेतला आहे. भाड्याच्या वस्तूंसाठी त्यात वेगळा रकाना आहे. तो मागवा, आपापल्या गटात वाचा, कुणी कधी सही मागितली आणि काय झालं ते पुढच्या अंकासाठी कळवा.

त्या मुलीचं लग्न माघात आहे. शूट ती करणार आहे. नमुन्याचे दोन कागद तिने घडी करून ब्लाउजच्या पिशवीत ठेवलेत. होणाऱ्या नवऱ्याशी बोलायचं अजून बाकी आहे.