पंगत मोडली, पंक्तिप्रपंच उरला

लग्नपत्रिकेच्या तळाशी, स्वागत समारंभाच्या वेळेखाली, एक शब्द हमखास आढळतो : 'स्वरुचिभोजन'. शब्द मोठा सुबक आहे. संस्कृतची झूल अंगावर असल्याने तो घरातल्या वडीलधाऱ्यांनाही खटकत नाही. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की यजमानाने अन्न मांडून ठेवले आहे. ज्याने त्याने आपले ताट उचलावे, रांग धरावी, हाती लागेल ते वाढून घ्यावे आणि जागा सापडेल तेथे उभ्यानेच खावे. बुफेला हे गोंडस नाव ज्याने दिले, त्याच्या भाषाप्रभुत्वाला दाद दिलीच पाहिजे. हिंदी पट्ट्यातील मंडळी अधिक रोखठोक आहेत. ती याच प्रकाराला 'गिद्धभोज' म्हणतात, गिधाडांचे जेवण.

जेवण कसे वाढायचे, हा प्रश्न सभागृहाच्या व्यवस्थापकाने आणि केटररने मिळून सोडवावा इतका किरकोळ आहे, असे मानण्याची रीत पडली आहे. मुलीच्या शालूच्या काठावर चार दिवस खल होतो. आलेल्या माणसाने बसून जेवायचे की उभ्याने, याचा निकाल मात्र दूरध्वनीवरील दोन वाक्यांत लागतो. वास्तविक लग्नघराची संस्कृती ज्या एका गोष्टीत सर्वांत उघडपणे दिसते, ती हीच.

एखाद्या स्वागत समारंभाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पाहुणा प्रथम व्यासपीठाकडे जाणाऱ्या रांगेत उभा राहतो. वधूवरांच्या शेजारी छायाचित्रापुरता थांबतो, पाकीट देतो, उतरतो आणि दुसऱ्या रांगेत लागतो. या दुसऱ्या रांगेच्या शेवटी त्याला ताट मिळते. पुन्हा इतका वेळ उभे राहणे नको, म्हणून तो एकाच फेरीत चायनीज, पावभाजी, मसालेभात, दहीवडा आणि गुलाबजाम असे सारे रचून घेतो. गुलाबजामचा पाक मसालेभातात उतरतो. एका हातात ताट, दुसऱ्या हातात चमचा. पाण्याचा पेला धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजीसाठी नातू भिंतीकडेची एखादी खुर्ची पैदा करतो. आणि या सगळ्या काळात यजमान कोठे असतो? तो व्यासपीठावर असतो. त्याचे तोंड छायाचित्रकाराकडे असते. कोण आले हे त्याला ठाऊक असते. कोण जेवले, कोण न जेवताच परतले, हे त्याला कधीच कळत नाही.

महाभारताच्या सभापर्वात एक प्रसंग आहे. राजसूय यज्ञाहून परतलेला दुर्योधन धृतराष्ट्रापुढे पांडवांच्या वैभवाचे वर्णन करतो. मत्सराने होरपळत असतानाही एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटत नाही. द्रौपदी स्वतः उपाशी राहून, कुबड्या-बुटक्या माणसांपर्यंत प्रत्येकाने खाल्ले की नाही, हे जातीने पाहत होती. सम्राज्ञीची ही थोरवी शत्रूच्या तोंडून वदवणाऱ्या व्यासांना अन्नदानाचे मर्म पुरेपूर ठाऊक होते. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करण्याचे आणि दारी आलेल्यास न परतवण्याचे व्रत सांगितले आहे. ज्या परंपरेत 'यजमान' हा शब्दच यज्ञ करणाऱ्याचा आहे, तेथे जेवू घालणे हे कर्म ठरते. ते ठेक्याने देऊन मोकळे होता येत नाही. स्वयंपाक आचाऱ्याकडे सोपवला तरी चालेल. पण पानापानापुढे जाऊन 'सावकाश होऊ द्या' असे म्हणणे कोणत्या केटररच्या दरपत्रकात बसते?

आता यावर ठरावीक उत्तर येते, की जग पुढे गेले. सुधारलेल्या देशांत असेच असते. हे उत्तर देणाऱ्यांनी सुधारलेले देश नीट पाहिलेले नसतात. ब्रिटनमध्ये लग्नाच्या बैठ्या जेवणाला आजही 'वेडिंग ब्रेकफास्ट' म्हणतात, मग ते दुपारी तीनला का असेना. पाहुणे नाव घातलेल्या खुर्चीवर बसतात आणि पदार्थ एकामागून एक त्यांच्यापुढे येतात. मेजावर मांडून ठेवलेले बुफे तेथेही आहे. पण औपचारिक लग्नात मान बैठ्या जेवणालाच आहे. म्हणजे अनुकरण करायचे ठरवले, तेही दुय्यम वस्तूचे! इकडे केरळात सद्या केळीच्या पानावर रांगेत बसवून वाढतात, तामिळनाडूतल्या लग्नघरांतही पानाचा मान टिकून आहे. संगणकाच्या क्षेत्रात ही राज्ये मागे पडल्याचे ऐकिवात नाही.

एक आक्षेप मात्र असा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पंगत ही आमच्या समाजातील विषमतेची रंगभूमी होती, आणि बुफेने ती एका फटक्यात संपवली, असे पुरोगामी मंडळी म्हणतात. या विधानाचा पूर्वार्ध अक्षरशः खरा आहे. 'पंक्तिबाह्य', 'पंक्तिपावन' ही विशेषणे आमच्याच भाषेत घडली. बहिष्कार याचा व्यवहारातील अर्थ पंक्तीला न घेणे हाच होता. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहापान केल्याबद्दल रानडे-टिळकांसारख्यांवरही ग्रामण्य आले आणि प्रायश्चित्ताचा घोळ झाला, तो याच मानसिकतेतून. जातवार पंगती उठत. पुरुषांच्या पंगती आधी, आणि दिवसभर चुलीपुढे राबलेल्या बायका शेवटी, गार अन्नाला. अंगणाबाहेर उष्ट्या पत्रावळींची वाट पाहणारी माणसे उभी असत. त्या पत्रावळींचा इतिहास दलित आत्मचरित्रांतून नोंदला गेला आहे आणि तो वाचताना कोणाही हिंदूची मान खाली जावी. पंगतीचे गुणगान करताना हे पान उलटून पुढे जाणारा लेखक समाजाची फसवणूक करतो.

पण उत्तरार्धाचे काय? विषमता मोडली ती बुफेने नव्हे. रोटीबंदीला हिंदू समाजाच्या पायांतील सात बेड्यांपैकी एक ठरवून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत जे केले, ते सहभोजन होते. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या दातृत्वातून तेथे पतितपावन मंदिर उभे राहिले, आणि सर्व जातींची माणसे शेजारीशेजारी बसून जेवण्याची सहभोजने त्या चळवळीचा कणा ठरली. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीचा सत्यनारायण मांडला, तोही सर्वांना एकत्र बसवण्यासाठीच. १९३४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींनी वर्ध्याचे संघ शिबिर पाहिले तेव्हा त्यांना भावले ते हेच, की शेजारी बसून जेवणाऱ्या स्वयंसेवकांना एकमेकांच्या जातीची विचारपूस नव्हती. शीख परंपरेत तर गुरू अमरदासांनी आधी पंगत, मग संगत असा क्रमच घालून दिला. त्यांनी शब्दही पंगत हाच वापरला. रोग ज्या जागी होता, उपचार त्या जागीच झाला. पंगतीतली भिंत पाडायची तर पंगतीतच बसावे लागते.

उभ्याने जेवणाऱ्या गर्दीत कोणी कोणाच्या शेजारी नसतोच. तेथे कोणालाही कोणासोबत जेवण्याचा प्रसंग येत नाही; ज्याला मनातून विटाळ मानायचा असेल, त्याला तो बुफेत अत्यंत सुखाने मानता येतो. चार पावले बाजूला सरकले की झाले. पंगतीत ती सोय नाही. डाव्या बाजूला कोण बसले याची निवड हातात नसते आणि पंगत उठेपर्यंत जागचे हलता येत नाही. समतेची ही परीक्षा टाळण्याची युक्ती म्हणजे समता, असे म्हणणे सोयीचे खरे.

आणि बुफेत सगळे समान असतात, हे तरी कोणी सांगितले? पंक्तिप्रपंच हा मराठीतला एक नेमका शब्द आहे. एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला थेंब, असा भेद करणे म्हणजे पंक्तिप्रपंच. जुन्या माणसांनी ते पाप मानले. आजच्या स्वागत समारंभात या पापाला वातानुकूलित दालन मिळाले आहे. पुढारी, अधिकारी, बांधकाम व्यावसायिक यांच्यासाठी पडद्यापलीकडे मेजे लावलेली असतात. तेथे चिनीमातीची ताटे असतात, तेथे वाढपी वाकून विचारतात, तेथे यजमानही व्यासपीठावरून उतरून दोनदा डोकावतो. म्हणजे बसवून, वाढून, विचारपूस करून जेवू घालण्याची पद्धत कालबाह्य झालेली नाही. ती फक्त मान्यवरांसाठी राखून ठेवली आहे. शाळेपासूनचा मित्र, गावाकडून एस.टी.ने आलेला काका आणि कार्यालयातील शिपाई यांनी रांगेत उभे राहावे. स्वरुचि त्यांच्या वाट्याला, भोजन इतरांच्या!

अन्नाच्या नासाडीचाही विचार करावा लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाच्या १९ टक्के. यात लग्नसमारंभांचा वाटा किती, हा हिशेब बाजूला राहू द्यावा. बुफेच्या टोकाला ठेवलेल्या खरकट्याच्या पिंपात एकदा वाकून पाहिले तरी पुरे. पंगतीत वाढपी थोडे वाढतो आणि पुन्हा येतो. पुन्हा येणार, ही खात्री असल्याने जेवणारा साठा करत नाही. अर्थात पंगतीचेही एक व्यसन आहे, आग्रहाचे. पानावर हात आडवा धरलेल्या माणसाच्या बोटांवर जिलेबी ठेवण्यात पराक्रम मानणारे वीर अजून शिल्लक आहेत. हा आग्रह प्रेमाचा असेल, पण पानात टाकलेली जिलेबी प्रेमाने पोटात जात नाही. विचारून वाढणे हाच खरा आग्रह. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, त्यामुळे पळसाच्या पत्रावळीला आणि केळीच्या पानाला पुन्हा दिवस यावेत अशी अपेक्षा होती. ती पाने शेतातली आणि रानातली. गोठ्यात किंवा खतात जाणारी.

मग व्यवहाराचा मुद्दा येतो : इतक्या लोकांना बसवणार कसे? शिर्डीच्या आणि शेगावच्या प्रसादालयांत, अमृतसरच्या लंगरमध्ये रोज हजारो माणसे रांगेने बसून जेवून उठतात. सहाशे पाहुण्यांच्या स्वागत समारंभाला गणित अवघड नाही. एका वेळी दोनशे पाने मांडली तर तीन पंगती होतात; एका पंगतीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे धरली तरी सव्वादोन तासांत सारे आटोपते. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी मेज-खुर्चीची पंगत केव्हाच रुळली आहे. खरी अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, वाढप्यांची संख्या. पंगतीला माणसे जास्त लागतात, बुफेला पदार्थ जास्त लागतात. माणसांपेक्षा पदार्थांवर नफा अधिक सुटतो, म्हणून केटरर बुफेची गोडी लावतो. चाळीस पदार्थांची यादी दहावर आणली, तर वाचलेल्या पैशांत वाढपी सहज येतात. वरण, भात, तूप, मसालेभात, दोन भाज्या, कोशिंबीर, पुरी, एक पक्वान्न आणि मट्ठा, इतक्यावर महाराष्ट्रात कोणी उपाशी उठलेले नाही.

दुसरी अडचण शिस्तीची. जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढच्या पंगतीचा उमेदवार उभा राहतो आणि त्याच्या घासांकडे टक लावून पाहतो, हे दृश्य बुफेच्या रांगेहूनही ओंगळ आहे. पंगतीला नावे ठेवायला याच एका दृश्याने जागा दिली. उपाय साधा आहे. भोजनगृहाच्या दाराशी घरातला एक जबाबदार माणूस उभा करावा, पाने मांडून होईपर्यंत दार उघडू नये, आणि तोवर बाहेर बसायला पुरेशा खुर्च्या व पन्हे असावे. विदर्भ-मराठवाड्यातील खेड्यांत 'चूलबंद आवतण' असते. त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, सारे घर लग्नघरी जेवणार. त्या पंगतींना वाढणारी भावकीतली आणि गावातली पोरे कोणत्याही प्रशिक्षणावाचून दोन तासांत गाव जेवू घालतात. शहरातल्या लग्नात तीच वयाची पोरे भ्रमणध्वनी घेऊन कोपऱ्यात बसलेली असतात. त्यांच्या हातात वरणाची बादली द्यायला काय हरकत आहे?

सभागृह ठरवतानाच भोजनगृहात पंगत बसते का, हे विचारून घ्यावे. अनेक नव्या कार्यालयांत ती सोय मुळात ठेवलेलीच नाही, हे आगाऊ पैसे भरल्यावर कळते. मान्यवरांसाठी वेगळे दालन घेऊ नये. ज्यांना सर्वांसोबत बसण्यात कमीपणा वाटतो त्यांनी शुभेच्छा देऊन जावे. पहिल्या पंगतीला म्हातारी माणसे, लहान मुले आणि बाहेरगावची मंडळी बसावीत. वधूवरांनी व्यासपीठ सोडून निदान एका पंगतीत एक पदार्थ वाढावा. आणि शेवटची पंगत आचारी, वाढपी, वाजंत्री, गाड्यांचे चालक आणि झाडलोट करणाऱ्या बायका यांची बसावी. तिलाही ताजी पाने मांडावीत, तूपही तेच असावे. ती पंगत उठल्यावरच घरच्यांनी जेवायला बसावे.