सिकलसेलचे कार्ड पेटीत, मूल वर्गात

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे तिचे लक्ष्य. आदिवासींची योजना म्हणून तिची ओळख झाली असली, तरी विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांनाही हा आजार पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. शिबिर होते, रक्त घेतात, कार्ड मिळते. ते कार्ड घरच्या पेटीत जाते, मूल शाळेत जाते, आणि गुरुजींना काहीच ठाऊक नसते.

मग काय होते? 'एसएस' मुलाची किडनी पाणी नीट धरून ठेवत नाही. त्याला वारंवार लघवीला जावे लागते आणि पाणीही सतत प्यावे लागते. दुसऱ्यांदा विचारले की बाई ओरडतात, म्हणून मूल पाणीच पीत नाही. शरीर कोरडे पडले, थंडी बाजली किंवा फार धावपळ झाली, की हाडे-सांध्यांत असह्य कळा सुरू होतात. उशिरा आला म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणे (शारीरिक शिक्षा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंद केली आहे, तरीही) अशा मुलाला थेट दवाखान्यात पोचवू शकते. ताप आला तर शाळा सुटेपर्यंत थांबायचे नसते. आणि आठवडाभर गैरहजर राहिलेल्या मुलावर 'आळशी' हा शिक्का बसतोच.

यावर उपाय महागडा नाही. एका पानाचा लेखी आराखडा पुरे: आजार कोणता, औषध कोणते, पाणी आणि लघवीची मोकळीक, खेळाच्या तासाला काय टाळायचे, ताप किंवा कळा आल्यास कोणाला फोन, कोणता दवाखाना, बुडालेला अभ्यास कोण भरून देणार. हे 'एसएस' मुलांसाठी. 'एएस' वाहक मूल आजारी नसते, त्याला उगाच वेगळे बसवू नये.

शाळा म्हणेल, असा नियम कुठे आहे? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत सिकलसेल आहे. त्याचे कलम 16 शासन-अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांना मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायला सांगते. नोकरीतल्या आरक्षणासाठी लागणारी 40 टक्क्यांची अट या कलमात नाही. हा फरक आपल्या अनेक कार्यकर्त्यांनाही माहीत नसतो, आणि पालक प्रमाणपत्राच्या रांगेत वर्ष घालवतात.

अडचण घरातही आहे. मुलीचे लग्न जमणार नाही, या धास्तीने आईबाप आजार लपवतात. ती धास्ती खोटी नाही. म्हणून आराखडा मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांपुरताच राहावा, पालकांच्या संमतीने. परिपाठात नाव पुकारून नव्हे. जोडीदार दोघेही 'एएस' असतील तर प्रत्येक गरोदरपणात 'एसएस' मुलाची शक्यता 25 टक्के, हे मात्र विहारात तरुणांशी उघडपणे बोलायला हवे.

शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक असतात, त्यांत आपलेही असतात. जागतिक सिकलसेल दिन 19 जूनला असतो आणि विदर्भातल्या शाळा त्यानंतर काही दिवसांतच उघडतात. समितीच्या पहिल्याच बैठकीत हा विषय लेखी द्यावा, इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वार्षिक तपासणीला येईल तेव्हा त्यातल्या डॉक्टरांकडून आराखडा तपासून घ्यावा.