हॉल्ट, लंगडी आणि पाटीवरचं नाव

‘या गाडीला दादरला हॉल्ट आहे का?’ असं विचारताना आपण इंग्रजी शब्द वापरतोय हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. हा हॉल्ट म्हणजे थांबा. मूळचा जर्मन, अर्थ ‘धरून ठेवणं’. लष्करी हुकूम म्हणून युरोपभर फिरत तो इंग्रजीत पोचला. पण त्याआधी कित्येक शतकं इंग्रजीत दुसराच एक हॉल्ट नांदत होता आणि त्याचा अर्थ होता लंगडा. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, नातं काही नाही. १६११च्या इंग्रजी बायबलात एलिया संदेष्टा लोकांना बजावतो ते या दुसऱ्या हॉल्टने. आजच्या वाचकाला वाटतं, दोन मतांमध्ये ते थांबलेत. संदेष्ट्याचा आरोप असा की ते दोन मतांमध्ये लंगडताहेत.

थांबणाऱ्या हॉल्टने लंगड्या हॉल्टला बोलण्यातून हुसकावलं. मागे उरला त्याच अर्थाचा ‘लेम’. आता तोही फुसक्या विनोदाला आणि तकलादू सबबीला चिकटवला जातो. माणसाबद्दल वापरायची चोरी.

मराठीतली गोष्ट निराळी. ‘पांगळा’च्या मागे संस्कृत ‘पंगू’ आहे. ‘लंगडा’चा सूर संस्कृत आणि फारसी ‘लंग’शी जुळतो, तैमूरलंगातला लंग तोच. पण हे शब्द आपण केवळ उणिवेसाठी राखून ठेवले नाहीत. शिवाजी पार्कात एका पायावर पाठलाग करून गडी बाद करतात ती लंगडी, चांगलाच दम काढणारा खेळ. पहिली पावलं टाकणाऱ्या बाळाला पांगुळगाडा. देव्हाऱ्यातल्या रांगत्या कृष्णाला कितीतरी घरांत लंगडा बाळकृष्ण म्हणतात. पहाटे दान मागत येणारा पांगुळ आपलं नातं सूर्याचा सारथी अरुण याच्याशी सांगतो आणि अरुणाला तर मांड्याच नाहीत.

तरीही ‘ए लंगड्या’ ही हाक जिव्हारी लागतेच. म्हणून सरकारी कागदावर अपंग आला, विकलांग आला. २०१५च्या अखेरीस पंतप्रधानांनी दिव्यांग सुचवला आणि २०२२मध्ये महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र झाला. विभाग हवाच होता. शब्दाबद्दल मात्र माझी शंका आहे. अंगात दिव्य काही आहे असं सांगितल्याने जिन्याची पायरी उतरत नाही आणि बोलणाऱ्याच्या मनातला हिणकसपणा शिल्लक असेल, तर नवं नावही दहा-वीस वर्षांत शिवी होतं. ‘लेम’चं तेच झालं.

हाजीअलीला १९५५पासून एक केंद्रीय संस्था आहे. कृत्रिम पाय, कुबड्या, व्यायामोपचार, पुन्हा कामाला लागण्याचं शिक्षण हे तिचं क्षेत्र. नाव अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. या नावात लंगडा नाही, अपंग नाही, दिव्यांगही नाही. तिथे होणारं काम तेवढं आहे. त्यामुळे माणसांसाठीचे शब्द बदलत गेले, तरी या पाटीला त्यांची झळ लागली नाही.

हाच नेम इतरत्र धरावा. लोकलच्या राखीव डब्यावर, उद्वाहनावर, उतारावर सोयीचं नाव लिहा, माणसाला बिरुद कशाला? माणसाला त्याच्या नावानेच हाक मारावी. आणि लंगडी हा शब्द मैदानावर पोरांकडे राहू द्यावा. तिथे त्याने कुणाचा अपमान केलेला नाही.