पैसा दिला कोणी, हेही विचारा

निवडणूक आली की गरीब वस्त्यांविषयी एक शेरा हमखास ऐकू येतो : तिथली मते पाचशे रुपयांत विकली जातात. मत विकणे चूकच आहे. पण वाटायला आलेला पैसा कुठून आला, हे ना शेरा मारणारे विचारतात, ना तो मुकाट ऐकून घेणारे आपण.

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. त्याच्या पक्षाला मात्र मर्यादाच नाही. उद्योगांचा पैसा येतो तो या वाटेने. पूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येत असे. २०१७ साली ती अट गेली. निवडणूक रोख्यांनी देणाऱ्याचे नावही झाकले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बदल घटनाबाह्य ठरवले आणि नावे बाहेर आली. मेघा इंजिनिअरिंगने ९६६ कोटींचे रोखे घेतले होते. त्यातले सुमारे १४० कोटींचे एप्रिल २०२३ मध्ये. पुढच्या महिन्यात ठाणे-बोरिवली बोगद्याचे सुमारे १४,४०० कोटींचे काम तिला मिळाले. यात सौदा झाला, हे सिद्ध झालेले नाही. विशेष चौकशी पथकाची मागणीही न्यायालयाने फेटाळली. पण ज्यांच्या करातून बोगदा होणार, त्यांना हे वेळेवर कळायला नको होते का?

रोखे गेले, तरी २०१३ पासूनचे इलेक्टोरल ट्रस्ट आहेतच. अनेक कंपन्या त्यात पैसे टाकतात आणि वर्षभरात जमलेल्यातले ९५ टक्के पक्षांना वाटावेच लागतात. देणारे आणि घेणारे, दोन्ही याद्या जाहीर होतात. पण हौद एकच असल्याने कोणाचे पाणी कोणाच्या घरी गेले, हे सांगणे अवघड होते.

या याद्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराने दिलेला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे किरकोळ शुल्क भरून पाहता येतो. आपल्यात कॉमर्स शिकलेली, दुकानांची खाती सांभाळणारी मुले-मुली कमी नाहीत. मतदारसंघातल्या दोघातिघांनी हे कागद वाचून सोप्या मराठीत वस्तीपुढे मांडले, तरी खूप झाले.

उमेदवार मोहल्ल्यात आला की आपण कब्रस्तानाची भिंत आणि गटार मागतो. ते मागूच. पण त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : तुमच्या पक्षाला पैसा कोणी दिला, आणि सत्तेत आल्यावर तुम्ही त्यांना काय दिले?