मानेतली गाठ
माझी रूममेट, वय २६. मानेवर गाठ, संध्याकाळी ताप. आपल्याकडे मानेची गाठ म्हटलं की पहिला संशय टीबीचा, आणि तो उगाच नसतो. सुई घालून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट धड काही सांगेना. एका डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या लिहूनही टाकल्या, सहा महिन्यांचा कोर्स! दुसरे म्हणाले, 'थांबा, अख्खी गाठ काढून बघू.' त्या आठवड्यात लिम्फोमा हा शब्द आम्ही दोघींनी उच्चारला नाही. (गुगल मात्र दोघीही करत होतो, चोरून.)

निघाला किकुची! १९७२ मध्ये जपानमध्ये किकुची आणि फुजिमोतो यांनी स्वतंत्रपणे नोंदवलेला आजार. गाठीतल्या पेशी मरतात. टीबीतही मरतात, पण टीबीचे ग्रॅन्युलोमा इथे दिसत नाहीत. ल्युपसची गाठ मात्र इतकी सारखी, की रक्ताची एएनए टेस्ट करावीच लागते. किकुची बहुधा काही महिन्यांत आपोआप जातो.

तिची एएनए निगेटिव्ह आली. तरी अधूनमधून दाखवायला सांगितलंय, कारण ल्युपस काहींना नंतर गाठतो. 'म्हणजे मी सुटले की नाही?' ती वैतागली. पुढची तारीख मी माझ्या मोबाइलमध्ये टाकून ठेवलीय. गोळ्यांचं पाकीट तसंच आहे, न फोडलेलं.